मदत हवी आहे: दिवेलागणीला सासूबाई "घरी जायचंय" म्हणून निघतात

सासूबाई ७६ वर्षांच्या. गेल्या वर्षी न्यूरॉलॉजिस्टनी अल्झायमर सांगितला. एमआरआय, बी१२, थायरॉइड सगळं झालंय, डोनेपेझिलची गोळी चालू आहे. दिवसा तशा शांत असतात. मेथी निवडायला दिली की पानं कचऱ्यात आणि काड्या ताटात, पण तासभर रमतात, आमचं काही म्हणणं नाही.

पाच वाजले की घालमेल सुरू. एक पातळ, फणी आणि टीव्हीचा रिमोट पंच्यात गाठ मारून बांधतात नि दारात उभ्या. "पोरं वाट बघत असतील, मला सोडा." हेच तुमचं घर म्हटलं की अंगावर धावून येतात. परवा कोपऱ्यावरच्या वाण्याने परत आणून सोडलं. दीर-नणंदा रविवारी दुपारी येतात, तेव्हा आई अगदी छान बोलतात. मग काय, "वहिनी, तू उगाच बाऊ करतेस."

तुम्ही संध्याकाळ कशी निभावता? बाहेरून कडी लावणं मनाला पटत नाही. शिवाय फॅमिली पेन्शन त्यांच्या एकटीच्या खात्यात येते आणि सही दर वेळी वेगळी होते. मुखत्यारपत्र करावं का? वृद्धाश्रमाचा सल्ला कृपया नको.

प्रतिसाद: आमच्या वडिलांचंही हेच. "हेच घर" हा वाद घालूच नका. "हो, जाऊ, आधी थोडं खाऊन घ्या" म्हणायचं. बहुतेकदा विषय तिथेच विरतो, नाही विरला तर बिल्डिंगला एक फेरी मारून आणायची. अंधारून यायच्या आधी सगळे दिवे लावा, सावल्यांनी बिथरतात. दुपारची झोप आटोक्यात ठेवा. कडी आतून, हाताच्या टप्प्याबाहेर उंच. पण कुलूप लावून एकटं कधीच ठेवायचं नाही. नाव आणि तुमचा फोन नंबर परकराच्या नेफ्याला शिवून टाका. आणि दोन दिवसांत एकदम बिघडल्या तर आजार वाढला असं धरून बसू नका, लघवी तपासून घ्या. जंतुसंसर्गानेही असा गोंधळ उडतो.

प्रतिसाद: बँकेत नोकरी झाली म्हणून लिहितो. मुखत्यारपत्रावर भिस्त नको. देणाऱ्याची समज गेली की करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे ते संपतं. नॉमिनेशन वगैरे जे करायचं ते त्यांना कळतंय तोवर, त्यांना समजावून करा. सही जमेनाशी झाली तर अंगठा चालतो, दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा अधिकारी. सत्तरीपुढच्यांना घरपोच बँकिंग मिळतं, शाखेत लेखी अर्ज द्या. नोव्हेंबरचा हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून घरीच होतो. माहिती हवी असेल तर ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७, फुकट आहे.

धागाकर्ती: दोघांचेही आभार. कडी आजच वर लावून घेते. नणंदेला या वेळी संध्याकाळचं जेवायला बोलावलंय, बघू दे तिलाही. आता आंघोळीचं कुणी सांगेल का? पाणी अंगावर घेऊच देत नाहीत, नुसतं पुसून किती दिवस भागवायचं?