दिव्यांगांच्या राखीव जागेत मोटरसायकली लागतात, काय करावं?

धागाकर्ता (लातूर): तळमजल्यावर मेडिकल, वर तीन दवाखाने, अशी इमारत आहे. दारापासून २० मीटरवर दिव्यांगांसाठी ३.६ बाय ५ मीटरच्या दोन जागा आखल्यात. सकाळी दहापासून त्यात मोटरसायकली. पेव्हर ब्लॉकवरचे पट्टेही उडालेत. कमिटी म्हणते कुलूपवाले फोल्डिंग खांब लावू. उपयोग होईल का?

गोदाकाठ: कुलूप नको. गाडीत माणूस एकटाच असला तर खांब पाडायला उतरणार कोण? किल्ली वॉचमनकडे आणि वॉचमन चहाला. साधे खांब लावले तरी व्हीलचेअरसाठी निदान ९० सेंटीमीटर फट सोडावी लागते, आणि मोटरसायकलचं हँडल त्यातून आरामात जातं. म्हणजे कार अडते, मोटरसायकल नाही. साइड व्हीलची स्कूटर मात्र अडकते, म्हणजे ज्याच्यासाठी जागा तोच बाहेर!

खरी गोची जागेतल्या १.२ मीटरच्या तिरप्या पट्ट्यांच्या भागाची आहे. लोकांना ती ‘रिकामी जागा’ वाटते. दार पूर्ण उघडून व्हीलचेअर शेजारी लावायला तीच लागते. तिथं एक गाडी लागली की अख्खी जागा वाया. त्यामुळं आधी मोटरसायकलींना दाराजवळच दुसरी जागा आखून द्या. ती नसेल तर बाकी सगळं फुकट.

मुरूमवाला: पेव्हरवर रंग टिकत नाही, थर्मोप्लास्टिकही (रस्त्यावर गरम करून लावतात तो जाड पट्टा) सांध्यावर तडकतं. निळे-पांढरे रंगीत ब्लॉकच बसवा. जमिनीवरचं चिन्ह गाडीखाली झाकलं जातं, मग लोक म्हणतेत ‘दिसलंच नाही’. म्हणून जागेच्या डोक्याशी उभा फलक पाहिजे, खालची कड जमिनीपासून २.१ मीटरवर. आणि काळ्या मातीत दीड फुटाचा खड्डा घेऊ नका. पावसात माती फुगती, उन्हाळ्यात भेगाळती, दोन वर्षांत खांब कलतो. मुरूम लागेपर्यंत खोदा. तो लवकर लागला नाही तर तीन फूट जा, तळाला मुरूम ठोकून घ्या, मग काँक्रीट.

धागाकर्ता: फलकावर दंड लिहावा का? ट्रॅफिकवाले येतील?

गोदाकाठ: खासगी आवारात ई-चलानाच्या भरवशावर राहू नका. नुसतं ‘दंड होईल’ लिहिलं आणि झाला नाही, की आठ दिवसांत फलकाची किंमत जाते. त्यापेक्षा वॉचमनचा मोबाइल नंबर लिहा आणि गर्दीच्या वेळी, साधारण १० ते १ आणि ५ ते ८, माणूस तिथंच उभा करा.

त्याला एक नीट समजावून ठेवा: चालताना दिसला म्हणून कुणाला हाकलायचं नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, बरेच डोळ्यांना दिसत नाहीत. शंका आलीच तर यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) विचारावं, तेही हळू आवाजात. दिव्यांग माणसाला घेऊन आलेली घरच्यांची गाडीही चालते, पण त्याला सोडून गाडी दिवसभर तिथं ठेवणं नाही.

मुरूमवाला: आणि मेडिकलवाल्याचे खोके त्या पट्ट्यात येऊ देऊ नका. मोटरसायकलीच्या आधी तेच येतेत.