धाकट्याच्या वहीतली थोरल्याची वाट : पालकांनी हातभार लावावा की थांबवावे?

मंगळवारपेठकर (धागाकर्ता)

आमचा थोरला मुलगा सतरा वर्षांचा आहे आणि पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघात गोलरक्षक आहे. कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो की आमच्याकडे तालीम म्हणजे केवळ कुस्तीचा आखाडा नव्हे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल अशा तालमींचे फुटबॉल संघ आहेत आणि शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठेतली घरे ओस पडतात. धाकटा दहा वर्षांचा असून पाचवीत आहे. थोरल्याचे हातमोजे उन्हात वाळत घालण्याचे काम तो कोणी न सांगता गेली दोन वर्षे करतो.

मागच्या आठवड्यात त्याच्या गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर मला एक तक्ता सापडला. डाव्या रकान्यात ‘दादा’, उजव्या रकान्यात ‘मी’, आणि वय अकरापासून सतरापर्यंत एकेक ओळ. दादा बाराव्या वर्षी शाळेच्या संघात आला, म्हणून मी बाराव्या वर्षी येणार. दादाने चौदाव्या वर्षी जिल्हास्तरावर सामना खेळला, म्हणून मी तेराव्या वर्षी खेळणार, अशा क्रमाने त्याने सात वर्षे मांडली आहेत. कोणत्या वर्षी बूट नवे लागतील आणि त्यासाठी दिवाळीच्या ओवाळणीतले किती पैसे बाजूला ठेवायचे, हेही कोपऱ्यात लिहिले आहे.

माझे मेहुणे म्हणाले की हे पोरकटपण आहे, त्याला आत्ताच दुसऱ्या कशात तरी गुंतवा. मला ते पटत नाही. दहा वर्षांच्या मुलाला सात वर्षांनंतरचे काही दिसते आहे आणि तिथे पोचायला आज काय करावे लागेल याचा हिशेब तो मांडतो आहे, ही गोष्ट मला मोलाची वाटते. आम्ही पालक उपदेश करून जे शिकवू शकलो नाही, ते थोरल्याने पहाटे साडेपाचला उठून, काही न बोलता शिकवले. शिवाय हे स्वप्न हवेतले नाही. याच शहरातला अनिकेत जाधव २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या संघातून खेळला, आणि महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत प्रावीण्य मिळवलेल्या खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. म्हणून त्या तक्त्याप्रमाणे त्याला मदत करावी, असे माझे मत आहे. जाणत्यांनी आपली मते मोकळेपणाने मांडावीत.

निवृत्त शिक्षिका, राजारामपुरी

आपल्या मुलाचे कौतुक वाटले, तरीही मी आपल्याशी असहमत आहे.

मी तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले. एका घरातली दोन-तीन भावंडे एकामागून एक माझ्या वर्गात येत, आणि धाकट्याचे नाव पाठ होण्याआधीच मी त्याला ‘अमक्याचा भाऊ’ म्हणून हाक मारत असे. त्यात प्रेम होते, पण ती चूक होती, हे मला फार उशिरा कळले. एक मुलगी चित्रे अतिशय सुंदर काढायची. तिच्या ताईला गणितात पैकीच्या पैकी गुण मिळत, म्हणून तीही गणिताच्या मागे लागली आणि मीही तिला ताईचे उदाहरण देत राहिले. चौथीच्या अखेरीस तिने चित्रकलेची वही आणणे बंद केले होते. मी तेव्हा तिला एकदाही विचारले नाही, याची खंत मला आजही आहे.

आपण ज्याला आखणी म्हणता ती मला नक्कल वाटते. आखणी करणाऱ्याला किमान दोन वाटा दिसाव्या लागतात आणि त्यांतली एक का सोडली हे सांगता यावे लागते. आपल्या मुलाने एकच वाट पाहिली आहे, तीही दुसऱ्याने चालून झालेली. आपण लिहिले आहे की तक्ता सतराव्या वर्षापर्यंत आहे. सतराव्याच का, याचा आपण विचार केला आहे का? थोरला आज सतरा वर्षांचा आहे, म्हणून. त्याच्यापुढे काय करायचे हे थोरल्याने अजून करून दाखवलेले नाही, म्हणून धाकट्यापाशी तिथे लिहायला काहीच नाही.

भुदरगडचा आजोबा

बाईंचा अनुभव मोठा आहे, पण त्यांचा निष्कर्ष मला मान्य नाही.

आमच्या पिढीत गावाकडून कोल्हापूरला शिकायला येणे ही साधी गोष्ट नव्हती. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली मराठा बोर्डिंग सुरू केले आणि त्यानंतर निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे इथे उभी राहिली, म्हणून आमच्यासारख्यांची सोय झाली. माझे थोरले बंधू आमच्या वाडीतले बोर्डिंगात राहणारे पहिले. सुट्टीला घरी आले की ते मला बसवून सांगत की अर्ज कधी करायचा, कोणते दाखले लागतात, खानावळीचे पैसे कसे पुरवायचे. मी तिसरीत असताना मला सातवीनंतरचे सगळे ठाऊक होते. अण्णांनी चाललेली वाट मी चाललो आणि माझ्यामागून दोन बहिणी चालल्या. याला कोणी नक्कल म्हणत असेल तर म्हणावे. त्या नकलेनेच आमच्या घरात चार पदव्या आल्या. ज्या घरात आधी कोणी काही केलेलेच नसते, तिथे मुलाला दोन वाटा कुठून दिसणार? एक दिसली तरी पुष्कळ असते.

आपल्याकडे तर थोरला भाऊ हाच गुरू, ही परंपराच आहे. ज्ञानेश्वर महाराजांनी निवृत्तिनाथांना गुरू मानले, ते दोघे सख्खे भाऊच होते.

निवृत्त शिक्षिका, राजारामपुरी

आजोबा, त्याच घरात मुक्ताबाईही होत्या. चौघांत सर्वांत धाकट्या असूनही रुसून दार लावून बसलेल्या ज्ञानेश्वरांची समजूत त्यांनीच घातली, आणि वयाने कितीतरी मोठ्या असलेल्या चांगदेवांनी त्यांना गुरू केले. निवृत्तिनाथांच्या मागे चालूनही तिथे प्रत्येकाचा आवाज वेगळा राहिला. माझे म्हणणे एवढेच आहे की धाकट्याचा स्वतःचा आवाज कोणता, हे ऐकायला घरातल्या कोणाला तरी सवड हवी.

आपल्या अण्णांविषयी वाचून मात्र मला माझे मत थोडे मवाळ करावेसे वाटते. त्यांनी आपल्याला दाखले, अर्ज, पैसे यांची माहिती दिली. म्हणजे वाट कशी काढायची ते शिकवले. तेवढे थोरल्याकडून घेतलेच पाहिजे.

ती थोरली (उत्तरेश्वर पेठ)

इथे सगळे धाकट्याविषयी बोलत आहेत, म्हणून मी दुसऱ्या बाजूने लिहिते, कारण आमच्या घरातली थोरली मी आहे.

माझी बहीण माझ्याहून सहा वर्षांनी लहान. मी दहावीनंतर विज्ञान शाखा घेतली आणि पुढे अभियांत्रिकीला प्रवेश घेतला, तेव्हा तिने कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला माझे वेळापत्रक जसेच्या तसे उतरवून चिकटवले होते. पाहुणे आले की आई ते दार उघडून दाखवायची. पहिल्याच वर्षी माझ्या लक्षात आले की ते शिक्षण मला झेपत नव्हते आणि आवडतही नव्हते. आईवडील रागावतील याची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती त्या दाराची होती. मी सोडले तर ती काय करेल, तिने मांडलेले सगळे माझ्यामुळे मोडेल, या विचाराने मी चार महिने घरी काहीच बोलले नाही. वर्गात जाऊन नुसती बसून यायचे.

शेवटी मी वाणिज्य शाखेकडे वळले. बहिणीने तो कागद काढून टाकला आणि काही आठवडे ती माझ्याशी नीट बोलली नाही. नंतर एका रात्री तिने विचारले की मला ते सोडावेसे वाटले हे नेमके कशावरून कळले. त्या रात्री आम्ही उशिरापर्यंत बोललो. पुढे तीच अभियंता झाली, तेही स्वतःच्या आवडीने.

म्हणून, दादा, मी आपल्याला धाकट्याला थांबवा असे सांगणार नाही. थोरल्याला आपण काही विचारले आहे का, एवढेच विचारते. सतराव्या वर्षी, बारावीच्या तोंडावर, आपल्या प्रत्येक पावलाचा कोणी तरी वहीत आराखडा करतो आहे, हे त्याला माहीत आहे का? आणि त्याला ते पेलते का?

फिजिओथेरपिस्ट, शाहूपुरी

मी एकाच मुद्द्यावर लिहितो. धाकटा चेंडू कोणता वापरतो? थोरल्याचा पाच नंबरचा असेल तर तो आजच काढून घ्या. आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी चार नंबरचा चेंडू असतो. या वयापासून पुढे हाडे झपाट्याने वाढतात. गुडघ्याखाली, मांडीच्या स्नायूंचा ताण नडगीच्या हाडावर जिथे येतो, तिथली वाढीची जागा अजून कोवळी असते. रोज उड्या, धावणे आणि लाथा मारणे अति झाले की तिथे सूज येते आणि दुखू लागते. अशी मुले माझ्याकडे नियमित येतात, आणि त्यांतली बरीचशी मोठ्या भावाबरोबर मोठ्या भावाएवढाच सराव करणारी असतात.

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक मिळवले. २००९ साली त्यांच्या वडिलांनी त्यांना क्रीडा प्रबोधिनीत घातले, तेव्हा वर्षभर सर्वसाधारण शारीरिक प्रशिक्षण झाल्यावर मग खेळ निवडायचा होता, आणि त्यांनी नेमबाजी निवडली. त्या वेळी ते चौदा वर्षांच्या आसपास होते. आपला मुलगा दहा वर्षांचा आहे. त्याला धावू द्या, पोहू द्या, झाडावर चढू द्या. फुटबॉल कुठे पळून जात नाही.

मंगळवारपेठकर (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला चार दिवस लागले, कारण उत्तरेश्वरच्या ताईंचा प्रश्न मला थोरल्यापुढे ठेवायचा होता.

रविवारी सरावानंतर पंचगंगेच्या घाटावर मी त्याला वहीचा फोटो दाखवला. तो बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, “बाबा, चौदाव्या वर्षीच्या त्या सामन्यात माझ्यावर चार गोल झाले होते. ते याने कुठेच लिहिलेले नाही.” पुढे त्याने सांगितले की बारावीच्या वर्षात त्याला संघातून विश्रांती घ्यायची आहे, आणि ही गोष्ट धाकट्याला कशी सांगावी हे न कळल्यामुळे तो महिनाभर गप्प होता. माझ्या घरात हे घडत होते आणि मी इथे त्या तक्त्याची वाखाणणी करत होतो. ताई, आपण विचारले नसते तर मला हे कळलेच नसते.

माझे मूळ मत मी पूर्णपणे सोडलेले नाही. बाईंना मी आजही सांगेन की त्या तक्त्यात नकलेपलीकडचे काही तरी आहे. बुटांच्या पैशांचा हिशेब त्याने दादाकडून उचललेला नाही, तो त्याचा स्वतःचा आहे. पण त्या तक्त्याप्रमाणे मदत करावी, हे माझे वाक्य मी मागे घेतो.

सोमवारी रात्री थोरल्याने वही मागून घेतली. मी आणि सौ. स्वयंपाकघरात थांबलो. त्याने डाव्या रकान्यात पेन्सिलीने न लिहिलेल्या गोष्टी भरल्या: चार गोल, पंधराव्या वर्षी मनगट मुरगळून वाया गेलेले दोन महिने, निवड चाचणीत नाव न आल्यावर स्टेडियमबाहेर बसून रडलेला दिवस. सतराच्या ओळीत त्याने लिहिले, ‘एक वर्ष थांबणार’. धाकटा ते वाचून गप्प झाला. त्याने एवढेच विचारले की हातमोजे आता कोण वापरणार, आणि थोरला म्हणाला की ते तुला अजून मोठे होतात.

चार नंबरचा चेंडू काल आणला. त्याने तो अजून पिशवीतून काढलेला नाही. उजव्या रकान्यातले त्याने काहीही खोडलेले नाही, पण अठराव्या वर्षाची एक नवी ओळ आखून दोन्ही रकाने मोकळे ठेवले आहेत.