कूलंट कमी होते, पण गळती दिसत नाही: हेड गॅस्केटच गेले असेल का?

प्रश्न:
माझी डिझेल गाडी पावणेदोन लाख किलोमीटरच्या पुढे चालली आहे. काही आठवड्यांपासून कूलंटची टाकी सतत उतरते, मात्र गाडीखाली एक थेंबही दिसत नाही. कसारा घाट चढताना तापमानाचा काटा वर गेला, आणि सकाळी थोडा वेळ पांढरा धूरही येतो. मेकॅनिकच्या मते हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांच्यामधले सील) उडाले असून इंजिन खोलावेच लागेल. एवढ्या चाललेल्या गाडीवर हा खर्च करावा का?

उत्तर १:
खात्री झाल्याशिवाय हेड उतरवू देऊ नका. डिझेल गाडीत ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडला जाणारा धूर कूलंटने थंड करणारा भाग) आतून फुटला तरी नेमकी हीच लक्षणे दिसतात, आणि ते काम बरेच स्वस्तात होते. गॅस्केट फाटले असेल तर सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये शिरतो. म्हणून रात्रभर थंड झालेले इंजिन चालू केल्यावर मिनिट-दोन मिनिटांतच रेडिएटरचा वरचा होज कडक होतो का आणि टाकीत बुडबुडे येत राहतात का, हे आधी पाहावे. टाकीतील वायू निळ्या द्रवातून ओढून त्याचा रंग पालटतो का हे पाहण्याची चाचणीही असते, सोबत कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासून घ्यावे. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसला, तर तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. पावसाळ्यात जवळच्या फेऱ्या करणाऱ्या गाडीत तो निव्वळ बाष्पानेही जमतो.

प्रश्नकर्ता:
सविस्तर उत्तराबद्दल आभार. कूलंटमध्ये टाकायचे लीक बंद करणारे औषध वापरून पाहावे का?

उत्तर २:
कृपया वापरू नका. ते रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्यांत बसते आणि गाडी आणखी तापू लागते.

निदान पक्के झाले, तर केवळ नवे गॅस्केट घालून हेड परत बसवू देऊ नका. ॲल्युमिनियमचे हेड तापले की वाकते, त्यामुळे सरळपट्टी व फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून ते तपासावे आणि तडा आहे का यासाठी प्रेशर टेस्ट करून घ्यावी. फेसिंग (हेडचा तळ घासून सपाट करणे) करण्यापूर्वी कंपनीचे मॅन्युअल पाहावे, कारण काही डिझेल हेडना ते चालत नाही. अनेक डिझेल इंजिनांत गॅस्केट वेगवेगळ्या जाडीचे येते. जुन्याच्या कडेवरील जाडी दाखवणाऱ्या खाचा मोजूनच नवे मागवावे. ताणून बसणारे हेड बोल्ट नवेच घ्यावेत.

गाडी मुळात का तापली, हे शोधणे सर्वांत महत्त्वाचे आहे. थर्मोस्टॅट, वॉटर पंप, पंखा आणि रेडिएटर तपासले नाहीत, तर नवे गॅस्केटही पुढच्या उन्हाळ्यात जाईल. हेड आणि टर्बो ठीक निघाले, तर मी खर्च करीन. हेडला तडा असेल, तर गाडी विकण्याचा विचार करावा. तोपर्यंत घाटात गाडी नेऊ नका.