सक्तीचा विमा, दंड आणि स्वतःची जबाबदारी

प्रसाद:

नमस्कार मंडळी,

इथे अमेरिकेत दरवर्षी आरोग्य विमा निवडण्याची मुदत असते, त्या ओपन एन्रोलमेंटच्या मेलमध्ये शेवटी एक वाक्य होतं: "विमा न घेणं म्हणजे बेजबाबदारपणा." हे मला पटत नाही.

कायद्याने ६४ वर्षांच्या माणसाचा हप्ता २१ वर्षांच्या माणसाच्या तिपटीहून जास्त ठेवता येत नाही. प्रत्यक्षात उपचारांचा खर्च साधारण पाचपट असतो. मधला फरक तरुणांच्या हप्त्यातून भरला जातो. बरं, विमाच घेतला नाही तर कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स, ऱ्होड आयलंड आणि वॉशिंग्टन डीसीमध्ये दंड. ज्याला दुसऱ्याचा खर्च उचलायला लावायचं, त्यालाच वर बेजबाबदार म्हणायचं, हे कुठलं गणित?

गाडीच्या विम्याचा दाखला कृपया नको. तो विमा आपण दुसऱ्याच्या केलेल्या नुकसानीसाठी असतो, आणि गाडीच घेतली नाही तर तो लागतही नाही. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं की व्यापार-नियमनाच्या अधिकाराखाली कोणाला काही विकत घ्यायला लावता येत नाही. पाच विरुद्ध चार मतांनी विमा न घेतल्याचा केंद्राचा दंड टिकला तो फक्त 'कर' म्हणून. मग सरळ कर म्हणा.

एखाद्या धडधाकट माणसाने दहा हजार डॉलर बाजूला ठेवून स्वतःची जोखीम स्वतः घेतली, तर ती जबाबदारीच नाही का?

मेधा:

प्रसाद, गाडीची तुलना सोडून देऊ. तिथे तुझं बरोबर आहे.

पण त्या दहा हजारांचं गणित चुकतंय. २०२५ मध्ये एका माणसाच्या खिशातून वर्षाला जास्तीत जास्त ९,२०० डॉलर जाऊ शकत होते, ही मर्यादा *विमा असलेल्याला* आहे, तीही नेटवर्कमधल्या, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेल्या ठिकाणच्या उपचारांपुरती. विमा नसेल तर वरचं टोकच नाही. शिवाय विमा कंपनीने ठरवून घेतलेले दर तुला मिळत नाहीत, बिल हॉस्पिटलच्या छापील दराने सुरू होतं. घासाघीस करता येते, आर्थिक मदतीचा अर्ज करता येतो, पण सुरुवात तिथून. स्वतःची जोखीम स्वतः घेणं दहा हजारांत होत नाही. ॲपेंडिक्स फुटून दोन-चार दिवस ॲडमिट व्हावं लागलं तरी ही रक्कम अपुरी पडू शकते.

उरलेलं कोण भरतं? १९८६ च्या कायद्याने मेडिकेअर (मुख्यतः ६५ वरच्यांचा सरकारी विमा) घेणाऱ्या प्रत्येक हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागाला येईल त्याची तपासणी करावीच लागते आणि जिवाचा धोका टळेपर्यंत उपचार द्यावे लागतात. ते फुकट नसतात, बिल येतं. बुडालं तर ते हॉस्पिटलच्या तोट्यात, काही अंशी सरकारी निधीत आणि इतरांच्या दरांत मुरतं. म्हणजे 'माझं मी बघेन' म्हणणाऱ्याची हमी कायद्याने आधीच इतरांनी घेतलेली आहे. म्हणूनच १९८९ मध्ये सक्तीची कल्पना मांडली ती हेरिटेज फाउंडेशन या विचारसंस्थेने, आणि २००६ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये त्या कायद्यावर सही केली ती तेव्हाचे गव्हर्नर मिट रॉम्नींनी. दोघेही उजवीकडचे. त्यांचा मुद्दा अगदी तुझाच होता: आपला भार दुसऱ्यावर टाकू नका.

दुसरी गोष्ट. १९९३ च्या सुमारास न्यू यॉर्क आणि न्यू जर्सीने नियम केला की आजारी माणसालाही विमा नाकारायचा नाही आणि तब्येत बघून हप्ता वाढवायचा नाही. सक्ती मात्र केली नाही. लोकांनी तहान लागल्यावर विहीर खणायला सुरुवात केली. हप्ते चढले, निरोगी माणसं बाहेर पडली, हप्ते आणखी चढले, आणि स्वतःहून विमा घेणाऱ्यांचा बाजार आक्रसत गेला.

आता तुझ्या बाजूचंही सांगते. २०१७ च्या करकायद्याने केंद्राचा दंड २०१९ पासून शून्य झाला, तेव्हा हाच प्रकार देशभर होईल असं आमच्यासारखे बरेच जण म्हणत होते. तसा बाजार कोसळला नाही. हप्त्यासाठी सरकार सबसिडी देतं, तीत माणूस किती भरणार हे त्याच्या उत्पन्नावर ठरतं, हप्ता वाढला तर वाढीव भाग सरकार उचलतं. ग्राहक पळाला नाही. सक्तीला आम्ही जरा जास्तच श्रेय देत होतो.

सुनीता:

चर्चा छान चालली आहे, पण लेऑफ झाला तर काय करायचं आणि ग्रीन कार्डवर आलेल्या आई-बाबांचं काय, हे कोणी नीट सांगेल का? आणि दंड नक्की मोजतात कसा?

श्रीराम:

सुनीता, दंडापासून सुरू करतो.

कॅलिफोर्नियात २०२४ सालासाठी प्रौढामागे ९०० आणि मुलामागे ४५० डॉलर, किंवा रिटर्न भरण्याच्या मर्यादेवरच्या उत्पन्नाच्या २.५ टक्के, यातलं जे जास्त ते. म्हणजे दोन मुलांच्या घराला किमान २,७०० डॉलर. मर्यादेवर ८०,००० उरत असतील तर एकट्या माणसाला ९०० नाही, २,००० पडतात. ब्रॉन्झ प्लॅनच्या (कमी हप्त्याचा, कमी संरक्षणाचा प्लॅन) हप्त्याइतकं वरचं टोक आहे. मोजणी महिन्यावर होते, आणि महिन्यातला एक दिवस जरी विमा असला तरी तो महिना विम्याचा धरतात. सलग तीन महिन्यांपर्यंतचा खंड माफ असतो, मॅसॅच्युसेट्समध्येही तसंच. कॅलिफोर्नियात चौथा महिना लागला की मात्र आधीचे तीनही मोजले जातात. न्यू जर्सीच्या अटी त्या वर्षीच्या राज्याच्या फॉर्मवर तपासा, कॅलिफोर्नियाचे आकडे तिथे लावू नका.

बऱ्याच जणांचा घोळ इथे होतो की 'विमा' म्हणून घेतलेली प्रत्येक गोष्ट विमा धरली जात नाही. भारतातून घेतलेली प्रवास पॉलिसी, व्हिजिटर प्लॅन, शॉर्ट टर्म प्लॅन, ठरावीक रक्कम देणारा प्लॅन, यातलं काहीही चालत नाही. मॅसॅच्युसेट्सचे निकष आणखी कडक आहेत, औषधांचा समावेशही लागतो. तिथला विम्याच्या पुराव्याचा फॉर्म १०९९-एचसी आला नसेल तर विमा कंपनीला आधी विचारा.

लेऑफ. कंपनीचा विमा कधी शेवटच्या दिवशी संपतो, कधी महिनाअखेरीस. ते लेखी घ्या. त्यानंतर दोन रस्ते असतात.

कोब्रा, म्हणजे कंपनीचाच विमा स्वतःच्या पैशाने चालू ठेवणं: २० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीत लागू, सहसा १८ महिने. पूर्ण हप्ता अधिक २ टक्के तुमचे. निवडायला ६० दिवस, निवडल्यावर पहिला हप्ता भरायला आणखी ४५. तो मागच्या तारखेपासून लागू होतो, म्हणून लोक थांबून बघतात आणि काही झालं तरच निवडतात. हे कायदेशीर आहे. पण निवडलं तर पहिल्या दिवसापासूनचे सगळे हप्ते भरावे लागतात, आणि ६१ व्या दिवशी दार बंद.

मार्केटप्लेस, म्हणजे स्वतःहून विमा घेण्याचा सरकारी विमाबाजार: इथेही विमा गेल्यापासून ६० दिवस, *त्याच वेळी* चालू असलेले. हा मागच्या तारखेपासून मिळत नाही, प्लॅन निवडल्यानंतरच्या महिन्याच्या एक तारखेपासून सुरू होतो. कोब्रा निवडलं, चार महिन्यांनी महाग वाटलं म्हणून आपणहून सोडलं, तर तेवढ्या कारणाने मार्केटप्लेसची खास मुदत मिळत नाही. पुढच्या ओपन एन्रोलमेंटपर्यंत विमा नाही. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावाल्यांना नोकरी गेल्यावर देशात राहायला मिळणारे ६० दिवस याच काळात धावत असतात, त्या धावपळीत हे हमखास राहतं.

आई-बाबा. बी-२ या पर्यटक व्हिसावर आलेल्यांना दंडाची चिंता नाही आणि त्यांना मार्केटप्लेसही नाही, कारण ते इथले रहिवासी नाहीत. त्यांच्यासाठी व्हिजिटर विमा, आणि त्यात जुन्या आजाराचं कलम आधी वाचा. बहुतेक प्लॅन जुना आजार *अचानक उफाळला* तरच पैसे देतात, तेही मर्यादेत. मधुमेहाची नेहमीची तपासणी त्यात बसत नाही.

ग्रीन कार्ड आलं की मार्केटप्लेस खुलं होतं, आणि तिथे वयामुळे किंवा आजारामुळे कोणी नाकारत नाही. ६५ पूर्ण आणि सलग पाच वर्षं इथे वास्तव्य झालं की मेडिकेअर विकत घेता येतं. मुलाने वीस वर्षं कर भरला म्हणून आई-बाबांना पार्ट ए (मेडिकेअरचा हॉस्पिटलचा भाग) मोफत मिळत नाही, त्याला स्वतःच्या किंवा जोडीदाराच्या कामाच्या ४० तिमाही लागतात. पार्ट बी (डॉक्टरांच्या खर्चाचा भाग) घेण्याची मुदत सात महिन्यांची असते. ती चुकवली तर उशिराच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला १० टक्के जादा, आणि ते कायमचे. २०२५ चा हप्ता १८५ डॉलर धरला तर तीन वर्षांच्या उशिराला महिन्याला ५५.५० डॉलर वाढतात.

प्रसाद:

श्रीरामकाका, धन्यवाद. पार्ट बीचं हेच मला योग्य वाटतं. घ्यायचं नसेल तर घेऊ नका, उशिरा आलात तर जास्त भरा. टॅक्स रिटर्नमध्ये दंड कशाला? २०१७ मध्ये हाउसने (संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने) मंजूर केलेल्या विधेयकात असंच होतं: विम्यात ६३ दिवसांचा खंड पडला तर वर्षभर ३० टक्के जादा हप्ता. सेनेटमध्ये तो प्रयत्न फसला, पण कल्पना वाईट नव्हती.

आणि जे-१ (देवाणघेवाण कार्यक्रमांचा व्हिसा) वाल्यांना परराष्ट्र खात्याने आधीच विमा सक्तीचा केला आहे, प्रत्येक आजाराला एक लाख डॉलरचं संरक्षण आणि डिडक्टिबल (आधी स्वतः भरायची रक्कम) ५०० च्या आत. त्याबद्दल मी कधीच कुरकुर केली नाही. पाहुण्यांना अट घालणं वेगळं.

मेधा:

पण ३० टक्क्यांच्या जादा हप्त्याने कोण अडतं ते बघ. आजारी माणूस ३० टक्के आनंदाने भरून आत येतो, उपचाराच्या मानाने ती रक्कम किरकोळ असते. बाहेर राहिलेला निरोगी माणूस मात्र म्हणतो, आता इतकं महाग तर आजारी पडेपर्यंत थांबूच. म्हणजे ज्याला आत आणायचं, त्यालाच ती भिंत अडवते.

पार्ट बी चालतं ते दंडामुळे नाही. त्याच्या खर्चाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग सरकार भरतं. चौथाई किमतीत मिळतंय म्हणून लोक वेळेवर येतात. त्यामुळे तुझ्या ३:१ च्या तक्रारीवर माझं उत्तर दंड वाढवा असं नाही, तरुणांच्या हप्त्याला मदत वाढवा असं आहे. आता मात्र उलटं घडलंय. वाढीव सबसिडी २०२५ च्या अखेरीस संपली. २०२६ च्या विम्यासाठी दारिद्र्यरेषेच्या ४०० टक्क्यांची जुनी रेघ परत आली आहे, उत्पन्न त्यावर गेलं की सबसिडी नाही. एकट्या माणसाला ती ६२,६०० डॉलर.

श्रीराम:

मेधाताईंच्या आकड्याला एक पुरवणी. २०२६ पासून जास्त घेतलेली आगाऊ सबसिडी पूर्ण परत करावी लागते, परतफेडीवर पूर्वी असलेली मर्यादा काढली आहे. त्यामुळे वर्षाच्या मध्ये बोनस आला, शेअर विकले किंवा जोडीदाराला नोकरी लागली, तर त्याच महिन्यात मार्केटप्लेसच्या खात्यात उत्पन्न बदला. रेघेच्या अगदी जवळ असाल तर सबसिडी आगाऊ न घेता फॉर्म ८९६२ वर रिटर्न भरतानाच मागा. पूर्ण हप्ता दरमहा भरावा लागेल, पण परत देण्याची वेळ येणार नाही. ३० च्या आतल्यांनी कॅटॅस्ट्रॉफिक प्लॅनही (फक्त मोठ्या आजारपणासाठीचा) बघावा. त्याला सबसिडी नाही, पण तो विमा म्हणून धरला जातो आणि २०२६ पासून त्याच्याबरोबर एचएसए, म्हणजे उपचारांसाठीचं करमुक्त बचत खातं, उघडता येतं. प्रसाद, तुझे दहा हजार ठेवायला ती जागा बरी. एका वर्षात सगळे मात्र मावणार नाहीत, वार्षिक मर्यादा बघून भर.