मदत हवी आहे: ब्रॉयगेलच्या ‘बर्फातले शिकारी’मधली लोंबकळती पाटी

रसग्रहण लिहितेय, शुक्रवारी द्यायचंय. चित्र फ्लेमिश चित्रकार पीटर ब्रॉयगेलचं, १५६५चं, मूळ व्हिएन्नात. मी मोठी प्रतिमा झूम करकरून पाहिलीय. उदासी कुठून येते ते कळलं: आभाळ आणि गोठलेली तळी एकाच हिरवट-करड्या रंगाची, शिकारी पाठमोरे, कुत्री माना टाकलेली, आणि एवढ्या लवाजम्याची शिकार काय, तर भाल्याला लटकलेला एक मरतुकडा कोल्हा! अडलंय डावीकडच्या सराईच्या पाटीपाशी. ती एकाच कडीवर लोंबकळतेय. तिच्यावर हरीण आणि गुडघे टेकलेला संत. ‘हिवाळा म्हणजे मृत्यू’ हे ठोकळेबाज उत्तर नको, खाली तळ्यावर लोक मजेत घसरताहेत. मग ही पाटी फसलेल्या शिकारीची थट्टा, की नुसती खेड्यातली मोडतोड? आणि हे चित्रातल्याच कशावरून ठरवायचं?