केबलिंग कंपनीत सेफ्टीचं काम अंगावर आलंय, खरी सुरुवात कुठून करू?

सुपरवायझर_पिंपरी:
नमस्कार मंडळी. मी पुण्यात एका केबलिंग कॉन्ट्रॅक्टरकडे साइट सुपरवायझर आहे. नेटवर्क, फायबर, सीसीटीव्ही अशी कामं घेतो आम्ही, ऑफिसातली चार माणसं धरून २६ जण आहोत. गेल्या महिन्यात आमचा एक पोरगा फॉल्स सीलिंगमध्ये केबल ओढताना घोडीवरून पडला. मनगट मोडलं, प्लेट टाकावी लागली. घोडीच्या एका पायाचं रबर कधीचं गेलं होतं आणि ते मला माहीत होतं, हे डोक्यातून जातच नाहीये. सगळ्यात वरच्या पायरीवर उभा राहून तो एका हाताने टाइल उचलून धरत होता, दुसऱ्या हाताने केबल खेचत होता, म्हणजे धरायला हातच शिल्लक नाही, आणि खाली शिडी धरणारा पोरगा मीच दुसऱ्या मजल्यावर रॅक उचलायला पाठवला होता.

आता क्लायंटने एचएसई (आरोग्य, सुरक्षा, पर्यावरण) पॉलिसी, रिस्क असेसमेंट, ट्रेनिंगचे रेकॉर्ड मागितलेत. मालक म्हणतात नेटवरून काढ, आपला लोगो टाक, पाठवून दे. माणूस वाईट नाहीत, पोराचा सगळा खर्च त्यांनीच केला, पण त्यांच्या लेखी हे कागदाचं काम आहे. मला खरंच काहीतरी बदलायचंय. ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा, पहिल्यांदा कशाला हात घालू?

डेटासेंटर_ऐरोली:
भाऊ, आधी पोरगा बरा होऊ दे. आणि तुम्ही स्वतःची चूक लपवली नाहीत, निम्मं काम तिथेच झालं.

पॉलिसी सगळ्यात शेवटी लिहा. आधी अर्धा दिवस काढून तुमच्या सगळ्यात जुन्या पोराला घेऊन एका चालू साइटवर फिरा, काही बोलू नका, नुसतं बघा आणि लिहून घ्या. तोच कागद पुढे तुमचा रिस्क असेसमेंट होतो, नेटवरचा नाही. या केसमध्ये रबर गेलं होतं हे दिसतं, पण पोरगा वरच्या पायरीवर का चढला हे विचारलंत का? बहुतेक वेळा उत्तर असतं की सीलिंग १२ फुटांवर आणि शिडी आणली ८ फुटी. म्हणजे ऑफिसातून निघतानाच अपघात गाडीत भरलेला होता. अशा ठिकाणी शिडी नकोच, चाकांचा स्कॅफोल्ड न्या, रेलिंग लावा, चाकांना ब्रेक लावा आणि वर माणूस असताना ढकलू नका, पोरं हमखास ढकलतात.

ॲल्युमिनियमच्या शिड्या हळूहळू काढून फायबरग्लासच्या घ्या, कारण सीलिंगच्या वर लाइटच्या उघड्या जॉइंट कुठे असतील सांगता येत नाही. टेकवायची शिडी असेल तर ४ फूट उंचीला १ फूट पाया बाहेर, आणि वर चढून उतरायचं असेल तर किमान १ मीटर शिडी वर निघालेली हवी. प्रत्येक शिडीला नंबर टाका. बाद झालेली शिडी करवतीने कापा, कारण गोडाऊनच्या कोपऱ्यात उभी केलेली शिडी घाईच्या दिवशी परत साइटवर येतेच.

हार्नेसचं, म्हणजे उंचीवर अंगाला बांधायच्या सेफ्टी पट्ट्याचं, एक सांगतो. आमच्याकडे एक माणूस हार्नेस, हेल्मेट सगळं व्यवस्थित घालून काम करत होता आणि हुक लावला होता केबल ट्रेला. ट्रे केबलचं वजन पेलायला असतो, पडणाऱ्या माणसाचा झटका नाही. स्प्रिंकलरच्या पाइपचंही तेच. हुक कुठे लावायचा हे काम सुरू व्हायच्या आधी ठरलं पाहिजे. आणि ड्रिल मशीनच्या एक्स्टेन्शन बोर्डाला ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच लाइन तोडणारा स्विच) बसवून घ्या, फार खर्च नाही त्याला.

फायबर_स्प्लायसर:
वरच्या दादांनी उंचीचं सगळं सांगितलं, मी फायबरचं सांगतो कारण त्याच्याकडे कुणी बघतच नाही. मी ११ वर्षं स्प्लायसिंग, म्हणजे फायबरची टोकं वितळवून जोडायचं काम, करतोय. सोललेली फायबर १२५ मायक्रॉनची असते, केसासारखी, पण काचेची, आणि क्लीव्ह केलेला, म्हणजे सरळ कापलेला, तुकडा सुईसारखा टोकदार. एकदा माझ्या बोटात गेला, दिसेना, दाबलं की टोचायचं, तीन दिवस नुसतं टोचत राहिलं, शेवटी डॉक्टरांनी भिंगाखाली काढला. तेव्हापासून काळी मॅट अंथरल्याशिवाय बसत नाही, काळ्यावर तुकडा चमकतो. शेजारी झाकणाचा डबा, तुकडा चिमट्याने उचलून सरळ डब्यात, उठताना मॅटवर चिकटटेप दाबून उचलायची. तिथे बसून वडापाव खायचा नाही, हे माझ्या हाताखालच्या पोरांना मी पहिल्या दिवशी सांगतो. डोळ्यात गेला तर चोळायचं नाही, सरळ डॉक्टरकडे. आणि तो डबा हाऊसकीपिंगच्या कचऱ्याच्या पिशवीत रिकामा करायचा नाही, त्या मावशी हाताने पिशवी दाबतात. टेप लावून बंद करायचा, वर काच लिहायचं आणि वेगळा द्यायचा.

दुसरं, कनेक्टर डोळ्याला लावून लाइट आहे का बघायची सवय मोडा. १३१० आणि १५५० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याला दिसतच नाही, म्हणजे अंधार दिसला म्हणून लाइन बंद आहे असं नाही. पॉवर मीटर लावा, तो त्यासाठीच आहे. आयपीएची (फायबर पुसायच्या अल्कोहोलची) बाटली स्प्लायसर मशीनच्या आर्कपासून, म्हणजे ठिणगीपासून, लांब आणि झाकण लावून ठेवायची, आग लागायला एवढंसं पुरतं.

रस्त्यावरची_कामं:
तुम्ही बाहेरची फायबर ओढत असाल तर चेंबरचं, म्हणजे जमिनीखालच्या केबलच्या खड्ड्याचं, विसरू नका, कारण तिथे माणूस पडून मोडत नाही, जातोच. टेलिकॉमचा चेंबर म्हणजे गटार नाही म्हणून पोरं बिनधास्त उतरतात, पण शेजारच्या ड्रेनेजचं पाणी झिरपून येतं आणि गॅस खाली साठतो. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास असतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास गेला म्हणजे हवा साफ झाली असं वाटतं. नाकावर भरवसा ठेवू नका. चार गॅसचं मीटर (ऑक्सिजन, पेट घेणारा गॅस, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड मोजणारं) दोरीने आधी खाली सोडा, वर, मध्ये, तळाला तिन्हीकडे बघा, ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्क्यांच्या मध्ये नसेल तर कुणी उतरायचं नाही. झाकण उघडून ब्लोअर लावा, परत मोजा. वर एक माणूस कायम, त्याला दुसरं काहीही काम सांगायचं नाही. आतला कोसळला तर वरच्याने उडी टाकायची नाही. हे पोरांकडून दहा वेळा वदवून घ्या, कारण मित्र डोळ्यासमोर पडलेला दिसला की पाय थांबत नाहीत आणि दुसराही तिथेच राहतो. ट्रायपॉड आणि विंच असेल तर वरूनच ओढून काढता येतं. भाड्याने मिळतो, प्रत्येकाने विकत घ्यायची गरज नाही.

तांबं_आणि_भंगार:
पर्यावरणाचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितोय. उरलेल्या केबलचं काय करता? बऱ्याच साइटवर मागच्या बाजूला जाळतात आणि तांबं काढून विकतात. पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइड निघतो, ओल्या घशात आणि डोळ्यात गेला की ॲसिडच, शिवाय डायॉक्सिन. आमच्या भागात संध्याकाळी भंगाराच्या दुकानामागून तो काळा धूर यायचा, शेजारच्या वस्तीतली लहान पोरं खोकायची, मी डोळ्यांनी बघितलंय. पीव्हीसी आवरणाची तांब्याची तार २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत येते, त्यामुळे जो प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी दाखवतो त्यालाच द्या आणि वजनाची पावती फाइलला लावा. दोन रुपये कमी मिळतील. क्लायंटला ती पावती तुमच्या पॉलिसीपेक्षा जास्त पटेल.

भिंतीतून केबल नेलीत की भोक फायरस्टॉपने (आग आणि धूर अडवणाऱ्या मसाल्याने) बुजवा, फोमने नाही. अमेरिकेत अलाबामात ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्रात २२ मार्च १९७५ ला अशाच एका केबलच्या भोकातून हवा गळते का ते मेणबत्तीने बघत होते, फोमने पेट घेतला, जवळपास १६०० केबल्स खराब झाल्या. आपल्याकडे जिन्याच्या शाफ्टमध्ये अशी उघडी भोकं रोज दिसतात, खालच्या मजल्यावरचा धूर वर नेणारी ती चिमणीच असते.

शारजाहून:
मी दहा वर्षं इकडे केबलिंगला आहे. इथे १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम बंद, कायदाच आहे. आपल्याकडे मे महिन्यात टेरेसवर कॅमेऱ्याची पाइप मारणाऱ्या पोरांना मालकाने स्वतःहून तेवढं दिलं तरी खूप. पत्र्याखालच्या सीलिंगमध्येही तसंच तापतं, तिथे वीस मिनिटांनी माणूस बदला.

सुपरवायझर_पिंपरी:
सगळ्यांचे मनापासून आभार, दोन वेळा वाचलं. ऐरोलीच्या दादांनी म्हटलं तसंच निघालं, त्या दिवशी सीलिंग ११ फुटांवर होतं आणि गाडीत ८ फुटीच शिडी होती, कारण मोठी दुसऱ्या साइटवर. आता काम घेतानाच उंची मोजून सामानाच्या चलानवर लिहायची असं ठरवलंय, उंची लिहिली नसेल तर गोडाऊनवाला सामान देणार नाही. काल मालकांना गोडाऊनमध्ये घेऊन गेलो, नऊपैकी चार शिड्यांची रबरं गेलेली. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग स्वतःच म्हणाले काप. भंगारवाल्याची परवानगी उद्या मागतो. पडलेला पोरगा सोमवारी हलक्या कामावर येतोय, शिड्यांचं रजिस्टर त्याच्याकडे द्यायचं असं त्यानेच सुचवलंय.

एकच राहिलं, ते चार गॅसचं मीटर कॅलिब्रेट कुठून करून घेता? पुण्यात कुणी करतं का?

रस्त्यावरची_कामं:
ज्याच्याकडून मीटर घ्याल त्यालाच आधी विचारा, सर्टिफिकेट आणि पुढची तारीख स्टिकरवर लिहून देतो का ते बघा. आणि रोज उतरायच्या आधी मोकळ्या हवेत चालू करून ऑक्सिजन २०.९ दाखवतो का ते बघायचं, नाही दाखवला तर त्या दिवशी चेंबर बंद.