पुढचे शॉकप भारीतले टाकावेत का कंपनीचेच? स्विफ्ट डिझेल, सोलापूर

टॉवेलवाला_सोलापूर

रामराम मंडळी. गाडी स्विफ्ट व्हीडीआय, २०१३ ची, १ लाख ३८ हजार किलोमीटर पळालेली. आपला धंदा टॉवेल-चादरींचा. अक्कलकोट रोड एमआयडीसीतनं माल उचलायचा आन् तुळजापूर, पंढरपूर, विजापूरच्या दुकानदारांना पोचवायचा. मागचं सीट कायम पाडलेलं, त्यावर गठ्ठे. गाडी नावाला कार, कामाला छोटा हत्ती.

दुखणं असं की बारीक खड्ड्यांत, रस्त्याला ठिगळं लावलेली असतात तिथं, पुढनं डावीकडं खटखट वाजायलालंय. मोठ्या गतिरोधकावर मात्र गप. दुसरं, पुणे हायवेला नव्वदच्या पुढं गेलं की पुलाच्या जोडावर नाक एकदा दबून थांबत नाही, आणखी दोन डुलक्या घेतं. माल भरलेला असला की जास्तच.

तीन ठिकाणी विचारलं, तीन उत्तरं आली. एका ॲक्सेसरीजवाल्यानं स्प्रिंगच्या वेढ्यांमधी अडकवायचे रबरी बफर दाखवले. अर्ध्या तासात गाडी टाइट म्हणे. पुण्याच्या एका दुकानानं फोनवर परदेशी मोनोट्यूब, म्हणजे एकाच नळीचे शॉकप आणि ३० मिमी बुटक्या स्प्रिंगांचा जोड सुचवला. भाव दोनदा विचारला, दोन्ही वेळा तेवढाच सांगितला. आमचा मिस्त्री म्हणतो, कंपनीचा शॉकप टाका आन् गप गाडी चालवा. पुतण्या इंजिनिअरिंगला आहे, तो अर्थात बुटक्या स्प्रिंगांच्या बाजूनं. गाडी खाली बसलेली दिसली पाहिजे त्याला.

गाडी अजून बरीच वर्षं ठेवायचा विचार करायलालोय, त्यामुळं पैसा घालायला ना नाही. पण कशात घालू ते सांगा.

होटगीरोडचा_फिटर

मालक, भारीतले का साधे हे नंतर बघू. आधी वाजतंय काय ते शोधा. बारीक खड्ड्यात वाजतं आणि मोठ्या गतिरोधकावर गप, हे लक्षण बहुतेक वेळा शॉकपचं नसतंच. लिंक रॉड बघा, ज्याला आपल्याकडं जंपिंग रॉड म्हणतात. त्याचा बॉल ढिला झाला की एक चाक वर आणि एक खाली असताना वाजतो. दोन्ही चाकं एकदम चढली की अँटीरोल बारला (लिंक रॉडनं दोन्ही चाकांना जोडलेला आडवा दांडा, वळणावर गाडी कलू देत नाही) पीळच बसत नाही, म्हणून गतिरोधकावर आवाज नाही. खात्री करायची तर दोन्ही बाजूंचे लिंक सोडून मिस्त्रीला गल्लीत हळू एक फेरी मारू द्या. आवाज गेला तर चोर सापडला. तशी गाडी हायवेला मात्र नेऊ नका.

मग स्ट्रटचा माउंट. स्ट्रट म्हणजे पुढचा शॉकप आणि स्प्रिंगची जोडणी, माउंट म्हणजे ती वर बॉडीला धरणारी रबरी बैठक. गाडी उभी ठेवून एकानं स्टिअरिंग फिरवायचं आणि दुसऱ्यानं स्प्रिंगवर हात ठेवायचा. स्प्रिंग सरळ न फिरता अडकून 'टक्' करून सुटली की वरचं बेअरिंग गेलं. ब्रेक दाबताना किंवा रिव्हर्स घेताना एकच ठोका पडत असेल तर लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला खालनं धरणाऱ्या दांड्याचा, मागचा रबरी बुश. चाक उचलून वर-खाली धरून हलवा, बॉल जॉइंट आणि व्हील बेअरिंग कळेल. डावी-उजवीकडं धरून हलवा, टायरॉड कळेल. ह्याला पैसे लागत नाहीत, लागला तर चहा लागतो.

डुलक्यांचं तुमच्या मिस्त्रीचं बरोबर आहे. तो शॉकपच. डस्ट कव्हर वर सरकवून बघा, नळीवर तेलात मळलेली धूळ चिकटली असेल. टायरच्या पट्ट्यावर हात फिरवा, जागोजागी खळगे लागले तर शॉकप चाकाला जमिनीवर धरून ठेवत नाही.

एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की करा. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. शॉकप वजन पेलत नाही, तो नुसता स्प्रिंगच्या उड्यांना लगाम घालतो. मालानं गाडी खाली बसत असेल तर शॉकप कितीही महागाचा घाला, ती बसणारच. आणि मालक, माल तुमचा मागं आणि खर्च पुढं? मागचे शॉकप कुणी बघितलेत का?

हैदराबादवासी_सोलापूरकर

थोडा विरोध करतो. मोनोट्यूबला इथे उगाच पुतण्याच्या पारड्यात टाकलंय. ते काही नवं फॅड नाही, बिलस्टीनचे मोनोट्यूब १९५७ पासून मर्सिडीजला कारखान्यातून बसत आलेत. साध्या ट्विनट्यूबमध्ये, म्हणजे नळीत नळी असलेल्या शॉकपमध्ये, तेल आणि हवा किंवा गॅस एकाच घरात राहतात. खराब रस्त्यावर सलग तासभर हाणली की तेलाला फेस येतो आणि लगाम सैल पडतो. गॅसवाल्या ट्विनट्यूबमध्ये हे कमी होतं. मोनोट्यूबमध्ये तरंगता पिस्टन गॅस आणि तेल वेगळं ठेवतो, दाब वीस बारच्या घरात, आणि तेलाची नळी थेट वाऱ्याला उघडी असल्याने उष्णता लवकर निघते. आपल्याकडच्या मे महिन्यात हा फरक मी माझ्या गाडीवर अनुभवलाय. सोलापूर-हैदराबाद पट्ट्यात गाडी शेवटपर्यंत तशीच राहते.

पण तुमच्या कामाला घ्याल तर मूळ उंचीच्या स्प्रिंगसोबत चालणारेच घ्या. आणि डिझेलचेच. डिझेल इंजिन जड, त्याची पुढची स्प्रिंग वेगळी असते. पेट्रोलची बसते, पण नाक झुकतं. शहरात हळू चालवताना बारीक दणके जास्त जाणवतील, ते घरच्यांना आधी सांगून ठेवा. कुठलाही बदल केलात तर विमा कंपनीला लेखी कळवा.

बुटक्या स्प्रिंगांना मात्र माझा ठाम नकार. स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १७० मिमी. त्यातले ३० गेले, वर माल. आपल्याकडच्या गल्लीतले घरगुती गतिरोधक आठवा. शिवाय मूळ स्ट्रटवर बुटकी स्प्रिंग घातली की शॉकप आधीच निम्मा दबलेला राहतो आणि सारखा बंपस्टॉपवर (शॉकप पूर्ण दबू नये म्हणून बसवलेला रबरी ठोकळा) आपटतो.

होटगीरोडचा_फिटर

ह्यांचं मोनोट्यूबचं शास्त्र मान्य. पण मालक हायवेला किती आणि पंढरपूरच्या बाजारपेठेत दुकानासमोर गाडी लावायला किती, हा हिशोब ज्यानं त्यानं करायचा. आणि जुन्या माउंटवर, ढिल्या लिंकवर भारी शॉकप बसवला तर आवाज तोच राहतो, वर कडकपणा येतो. असे गिऱ्हाईक महिन्याकाठी येतातच.

बफर घालू नका. जिथं अडकतो ते वेढे काम करायचे थांबतात, उरलेल्या स्प्रिंगवर भार येतो आणि धक्का सरळ माउंटला. गाडी 'टाइट' लागते ती ह्यामुळं.

टॉवेलवाला_सोलापूर

दोघांचे आभार. काल मिस्त्रीकडं गाडी वर घेतली. डाव्या लिंक रॉडचा बॉल बोटानं हलतोय, रबर फाटून ग्रीस कधीच वाहून गेलंय. डावा शॉकप तेल सोडायलालाय, उजवा कोरडा आहे. मागचे बघितले तर दोन्ही मेलेले. दाबून सोडलं की गाडी पाळण्यागत हालत राहते.

मग ठरवलं. पुढं कंपनीचे शॉकप जोडीनं, माउंट, बेअरिंग, बंपस्टॉप आणि दोन्ही लिंक रॉड. मागंही दोन्ही नवीन. सगळं मिळून पुण्याच्या त्या नुसत्या पुढच्या जोडापेक्षा कमीच होतंय. हैदराबादवाले साहेब, तुमचं पटलं नाही असं नाही, पण माझी निम्मी ड्रायव्हिंग पहिल्या-दुसऱ्या गिअरला आहे. पुतण्याला म्हटलं, तुझी गाडी घेशील तेव्हा जमिनीला टेकव.

फिटर भाऊ, बसवताना काय बघू?

होटगीरोडचा_फिटर

उजवा कोरडा असला तरी जोडीनं बदलताय ते बरं केलंत, नाहीतर ब्रेकला गाडी एका बाजूला ओढते.

स्प्रिंग दाबायचं अवजार नीट आहे का बघा. दोरी-तारेनं बांधून स्प्रिंग सोडणारा मिस्त्री असेल तर गाडी बाहेर काढा, ती स्प्रिंग सुटली तर दात जातात. वरचा नट आवळताना शॉकपचा दांडा पकडीनं धरू देऊ नका. चकाकीवर ओरखडा पडला की तो सील खातो आणि महिन्याभरात तेल परत बाहेर. लोअर आर्म सोडलाच तर त्याचे बोल्ट शेवटी गाडी जमिनीवर उभी करून आवळायला लावा. चाक लोंबकळत असताना आवळले तर बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

चाकांची अलाइनमेंट त्याच दिवशी करा, आणि मशीनवर चढवायच्या आधी चारही टायरची हवा दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणं भरून घ्या. गठ्ठे उतरवून न्या.